तेलाचा हात

गिरणीच्या साचेखात्यात मी तेलवाला होतो. साच्यांना, म्हणजे तिथल्या यंत्रांना, तेल घालायचं, एवढंच काम, पण अठरा वर्षं केलेलं. संपात ते गेलं आणि मी लालबागच्या चाळीत रिकामा बसलो. पुढे वॉचमनगिरी झाली, भाजीची पाटी झाली, कुठेच टिकलो नाही. बायको पहाटेपासून लोकांचे डबे करायची आणि मी तिच्या जिवावर जेवायचो. धाकट्या मुलीची शाळा सुटली, तेव्हापासून मी तिच्या नजरेला नजर देणं टाळू लागलो. एखाद्या दिवशी घरी परत जाऊच नये असं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

अशा वेळी एका माणसाने मला पंधरा दिवसांच्या बोलीवर ठेवलं. नौदलातून निवृत्त झालेला, वयाने माझ्याहून लहान. हौशी लोकांना भाऊच्या धक्क्यावरून बोटीने लांब निवळ पाण्यात न्यायचं आणि पाठीवर हवेचे सिलेंडर बांधून खाली उतरवायचं, हा त्याचा धंदा. पदरचे पैसे घालून बुडायला जाणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होतो. कॉटन ग्रीनच्या गोदामात सामानाची तयारी माझ्याकडे होती. रविवारची खेप नीट पार पडली की कायम करतो, असं तो म्हणाला होता.

पहिल्या दिवशी त्याने भराभर बरंच काही बजावलं होतं, अर्धं इंग्रजीत. मी नुसती मान डोलावली. कळलं नाही म्हटलं असतं तर दुसरा माणूस बघितला असता त्याने.

शनिवारी दुपारी तिन्ही सिलेंडर भरून आले. नळ्या धुतल्या, कमरेला बांधायचे शिशाचे पट्टे लावून ठेवले, चष्मे पुसले. सिलेंडरच्या तोंडाची चावी फिरवून पाहिली तर करकरली. कोरडं लोखंड करकरलं की माझा हात आपोआप तेलाकडे जातो. गोदामात मशीनच्या तेलाची बाटली होती. तिन्ही तोंडांना मी मायेने तेलाचा हात लावला, आतूनसुद्धा, आणि फडक्याने लखलखीत पुसली. मालक खूश होईल असंच वाटलं मला.

रविवारी निघताना बायकोने विचारलं, "आज कायम करतले ना?"

"करतील," मी म्हटलं.

बोट हाकणाऱ्या तांडेलाने समुद्राला नारळ दिला, बोट निघाली. तीन पाहुणे होते. निवळ पाणी लागल्यावर मालक त्यांना म्हणाला, "हात पुसून घ्या. दाबाच्या हवेला तेल अजिबात चालत नाही. तोंडाशी भडका उडू शकतो, आणि श्वासातून छातीत गेलं तर माणूस वर येईल याची खात्री नाही."

बोलायला हवं होतं, लगेच. पण डोळ्यांसमोर आली ती आमची खोली, आणि संध्याकाळी दारात उभी राहणारी बायको. मी स्वतःला समजावत राहिलो. तेल थोडंच तर होतं, पुसलंही होतं, काही होणार नाही.

पहिला पाहुणा पिकल्या केसांचा, हसरा मास्तर होता. मी त्याच्या पाठीवर सिलेंडर चढवला, पट्टे आवळले. त्याने मान वळवून विचारलं, "काका, सगळं नीट आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

तो शिडी उतरू लागला. पाणी कमरेपर्यंत आलं. नळी तोंडात धरायला त्याने हात उचलला, तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटला, "नको. त्याला तेल लावलंय मी."

मालकाने त्याला दंडाला धरून वर ओढलं, नळी सोडवून सिलेंडरच्या तोंडात बोट घालून हुंगलं आणि तांडेलाला बोट वळवायला सांगितलं. धक्क्यावर मी चप्पल घालून निघालो, तर मालक मागून आला.

"ऐन वेळी का होईना, लक्षात आल्याबरोबर बोललात. दुसरा असता तर पोटावर पाय येईल म्हणून गप्प बसला असता. उद्यापासून कायम या."

घरी बायकोने देवापुढे साखर ठेवली. मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली. त्या नोकरीवर मी बारा वर्षं काढली, आणि माझ्या प्रामाणिकपणाचा हा किस्सा मालक प्रत्येक नव्या माणसाला माझ्यासमोर सांगायचा. मास्तरला "हो" म्हणालो तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, हे मी मालकाला कधीच सांगितलं नाही.