ड्रिल संपल्यावरचा हादरा

भूतखेत, चमत्कार... ह्या भानगडींवर आपला काडीचा विश्वास नाही, आधीच सांगून ठेवतो. मी अकोल्याचा. शाळाशाळांत जाऊन भूकंपाचं ट्रेनिंग देणं हे माझं काम — म्हणजे खोटा भूकंप करायचा आणि पोरांना जीव वाचवायला शिकवायचं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. भातकुलीजवळच्या एका गावातली शाळा, भर दुपार. मोटरवर हलणाऱ्या लाकडी चौथऱ्यावर आधी पाचवीच्या पोट्ट्यांना उभं केलं. काय कल्ला केला त्यांनी! मग वर्गात ड्रिल. स्पीकरवर गडगडाट सुरू झाला की बाकाखाली शिरायचं. आवाज थांबून माझी शिट्टी वाजली की रांगेत बाहेर.

गडगडाट बंद केला. शिट्टी मारली. एकही पोट्टं बाहेर येईना!

"चला रे, संपलं!" मी दारात उभा राहून ओरडलो.

"सर, अजून हलून राह्यलं न!" बाकाखालून एक पोरगी म्हणाली. मग सगळेच — "हो सर, हलून राह्यलं!" काही तर रडायलाच लागले.

मला हसू आलं. चौथऱ्याची मोटर केव्हाच बंद केली होती. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी ढिम्म. पोट्टे मस्ती करून राहिले, दुसरं काय!

वर्गाच्या सुनीता मॅडम मात्र हसल्या नाहीत. "कोणी उठू नका रे," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "सर, तुमी बी आत या. खाली बसा."

"अहो मॅडम, काहीच नाही..."

"बसा म्हणते न!"

चिडलोच मी. पण आवाजच असा होता, की मुकाट्याने आत येऊन बसलो. आणि धाडकन... दारावरचा छज्जा कोसळला! मी उभा होतो तिथेच, पोट्टे रांगेने निघणार होते तिथेच. धूळ बसल्यावर मी एकेक पोट्टं तपासलं. पोरांपैकी कोणाला साधं खरचटलंही नव्हतं.

छज्जा जुना, आतल्या सळया गंजलेल्या, असं इंजिनिअरने नंतर सांगितलं. पटलं. पण हादरा? गावात कोणालाच जाणवला नव्हता. भूकंपमापन केंद्रात चौकशी केली, तिथेही नोंद नाही. मग त्या पोरांना काय जाणवलं? खूप डोकं खाजवलं, अजूनही सांगता येत नाही.

त्या दिवशी निघताना मॅडमना विचारलं, "तुम्हालाही हललेलं जाणवलं ना?"

"नाई सर. मले तर काईच नाई."

"मग आम्हाला थांबवलं काहून?"

"पोट्टे रडून राह्यले होते न सर. खोटं असं रडता येते काय?"

मी त्या बाईंना हात जोडले. दुसरं काय करणार होतो!