पायाळू अक्कांची लाथ

१९९०च्या आसपास, धुळ्यात देवपूरला राहत असताना, कंबरेतून निघालेली कळ माझ्या डाव्या टाचेपर्यंत उतरली. गणेशोत्सवातलं नाटक महिन्यावर आलेलं, त्यात मी राजा, आणि सिंहासनावर बसवेना!

उसण भरली, असा गल्लीने निकाल दिला. शेजारच्या अक्का पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. अशा माणसाच्या लाथेने उसण पळते म्हणतात. अक्कांनी देवाला हात जोडले आणि माझ्या कंबरेत लाथ घातली. महाराज गल्लीभर ऐकू जाईल असे किंचाळले.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला उताणं झोपवून पाय सरळ उचलून पाहिला. "दुखतोय पाय, पण दबलीय कंबरेतली नस. याला सायटिका म्हणतात. गोळ्या घ्या, झेपेल तेवढं चाला, व्यायाम शिकवतो. आणि लाथा बंद!"

अक्का ओशाळल्या. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दारात हजर. "ऊठ भाऊ, नाटक शे ना तुनं!" असं अहिराणीत म्हणत मला पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालवत नेत.

नाटकात मी ऐटीत सिंहासनावर बसलो. पडदा पडल्यावर न कण्हता वाकून अक्कांच्या पाया पडलो. आधी लाथ घातलेल्या पायाला हात लावला, मग दुसऱ्या.