वाघ सांगून येते का?

मोहाच्या झाडाखालचा पाला जळाल्याचा वास आला, की मी आजही चंद्रपूरच्या त्या टॉकीजमध्ये बाबांशेजारी जाऊन बसतो.

कॉलेजात सरांनी जगप्रसिद्ध म्हणून दिलेली जादूच्या जंगलाची कादंबरी मी वाचली होती. त्यात एक अजस्र श्वापद तलवारीच्या एकाच घावात मरतं आणि पुढच्याच पानावर सगळे जेवायला बसतात. रक्त पुसायलाही कुणी उठत नाही. संतापून मी ती भिंतीवर फेकली होती. तरी तिच्यावरचा सिनेमा लागला तेव्हा बाबांना नेलं. निदान ते घराबाहेर तरी पडतील, म्हणून.

सिनेमानं तर पारच वाट लावली. श्वापद आधी तीनदा गरजलं, मग झेपावलं.

"गरजते काऊन थो?" बाबा भर टॉकीजात ओरडले. "वाघ सांगून येते का?"

लोक हसले. मी शरमेनं त्यांचा हात दाबला. त्या हाताला तीनच बोटं होती.

आदल्या उन्हाळ्यात आई मोहफुलं वेचायला वाकली होती. वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं. बाबा पलीकडच्या झाडाखाली पाला पेटवत होते. टोपली उलटल्यावर त्यांनी वळून पाहिलं. कुऱ्हाडीच्या दांड्यानं वाघाचं थोबाड फोडलं, जबड्यात हात घातला. तोवर आईची मान मोडली होती. रक्तात फुलं चिकटली होती.

आज कळतं, बाबा पडद्यावर ओरडले नव्हते. वर्षभर गावातलं प्रत्येक माणूस त्यांना एकच विचारत होतं, "दहा पावलावर होता तू. तुले आवाज नाई आला?"