उजव्या टोकाची जागा

रहांगडाले सरांचा पहिला तास मी शेवटच्या बाकावर बसून ऐकला. बारावीपर्यंत मला आईबाबांनी घरीच शिकवले होते. परीक्षा तेवढ्या बाहेरून दिल्या. अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात बाबांनी पाठवले, तेही एका सत्रापुरते. जमले नाही तर परत केशोरीला. त्यामुळे आपली चूक होऊ नये, एवढाच माझा ध्यास होता.

सर त्या दिवशी ग्रीक नगरराज्यांच्या लढाया शिकवत होते. ती राज्ये जेमतेम आपल्या तालुक्याएवढी आणि सैनिक म्हणजे स्वतःची ढाल घरून आणणारे शेतकरी. पुढे आरमार वाढले, तेव्हा वल्ही मारणाऱ्या भूमिहीनांच्या शब्दालाही सभेत वजन आले, हे सांगताना सरांचा आवाज हळू झाला. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती माणसे शेजारच्या गावातली वाटू लागली. ही माणसे त्यांच्याच भाषेत वाचता यावीत म्हणून सर चाळिशीनंतर एका जुन्या शब्दकोशावरून ग्रीक शिकले, हे मला नंतर कळले. त्याचे नवल अजून ओसरलेले नाही.

धान कापून झाल्यावर सरांनी आम्हाला एका मोकळ्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, नेले. प्रत्येकाच्या डाव्या हाताला सूप बांधले. सुपाने अर्धे स्वतःला झाकायचे, अर्धे डावीकडच्याला. उजव्या टोकाला त्यांनी मला उभे केले आणि रांग सरळ ठेवायला सांगितले. समोरून दुसरी तुकडी ढेकळे फेकत आली. आम्ही पुढे निघालो, तशी रांग तिरकी होत गेली आणि बांध ओलांडून शेजारचे शेतकरी उरकुडाकाका यांच्या लाखोळीच्या कोवळ्या पिकात शिरली.

काका धावत आले. "गुरुजी, माह्या लाखोळीत पलटन काऊन घुसवून राहिले जी?"

सरांनी हात जोडले. मुले म्हणाली, जमीनच उताराची आहे. मला राहवेना. सगळ्यांदेखत मी सांगितले की आधी मीच सरकले. माझी उजवी बाजू उघडी होती आणि मला भीती वाटली. आता घरी जावे लागणार, असे मी धरूनच चालले.

सरांनी तिरकी झालेली रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाले, "ग्रीकांची रांगही अशीच उजवीकडे सरकायची. सुरुवात टोकाच्या माणसापासून. पंचवीस वर्षं मी हे वाचून शिकवलं. आज पाहिलं."

"मंग पोरीच्या उजव्या अंगाले मी उभा राहतो," काका म्हणाले.

"मग तुम्ही सरकाल, काका," सर म्हणाले.

"माह्याच लाखोळीत?"

तेव्हा कुठे सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सर लाखोळीचे बी घेऊन एकटेच काकांच्या बांधीत गेले.

सत्र संपल्यावर बाबा विचारायला आले. माझे गुण फार नव्हते. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "मुलगी स्वतःची चूक स्वतः सांगते. इतिहासाला असं माणूस लागतं. राहू द्या तिला." संध्याकाळी बाबा एकटेच केशोरीच्या गाडीत बसले.

सरांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. ग्रीकांच्या त्याच लढायांवर मी आज संशोधन करते आणि प्रत्येक पान आधी त्यांना दाखवते. या लेखातही काही चुकले असेल, तर ते मला बोलावून सांगतील. असे सांगायला त्यांनी शंभरी ओलांडावी, नजर अशीच तीक्ष्ण राहावी, आणि बांधीत उतरायला गुडघ्यांनी त्यांना कधी नाही म्हणू नये.