श्रावणातलं माशाचं चामडं

गोव्यात पाळी गावाजवळच्या बंद खाणीत साठलेल्या पाण्यात कुणीतरी तिलापिया मासे सोडले, आणि त्या दांडगटांनी तिथला पिठोळ नावाचा आमचा चिमुकला, चवदार मासा पार संपवून टाकला. माझा त्यांच्यावर भारी राग. त्यामुळे डिचोलीत पर्सा शिवणाऱ्या एका बाईंनी जेव्हा सांगितलं की तिलापियाच्या कातडीचं झकास चामडं होतं, तेव्हा मी जोरात कामाला लागले. त्यांची अट एकच होती: कातड्यांची एक खेप नीट कमावून आण, मग शिवण शिकवते. मला घराबाहेरचं, माझं असं काम हवं होतं. फार हवं होतं.

पहिली खेप कुजली. दुसरी पापडासारखी कडक झाली. तिसरी मात्र ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात छान तांबूस होत चालली होती. रोज ढवळायचं, नाहीतर डाग पडून सडते. एवढं सगळं ध्यानात ठेवलं आणि श्रावण तोंडावर आलाय हेच विसरले! आमच्या घरी श्रावणात मासळीचा वासही चालत नाही.

सासूबाई दोडामार्गच्या, नियमाला पक्क्या. श्रावणाच्या आदल्या दिवशी पडवीतल्या कातड्यांच्या पिंपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या उद्या भायर जाऊक व्हया."

"मांय, हे चामडं आहे. श्रावणात चपला घालतोच की आपण."

"चपला घरात आणतंस?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. बाहेर धो धो पाऊस. पिंप उघड्यावर गेलं की खेप गेलीच. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मांयनी पिंपात डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "मासो की चामडा, ता आपणाक कळाचा नाय. जेका कळता तेका इचारूया." आणि त्यांनी मांजरीला हाक मारली.

आमची मांजर मासळीपुढे देवालाही ओळखत नाही. मांयनी पिंपातली एक कातडी काढून तिच्यापुढे टाकली. तिने हुंगली. तिने एकदा चाटली आणि मी मनातल्या मनात डिचोलीला रामराम ठोकला. तेवढ्यात तोंड वाकडं करून तिने फटकन शिंक दिली आणि शेपटी उभारून चालती झाली.

"चामडा," मांय म्हणाल्या.

मी त्यांना मिठीच मारली. "सोड गे, पडान मी," त्या ओरडल्या, पण हसत होत्या.

पहिल्या श्रावणी सोमवारी मला उठायला उशीर झाला. धावत पडवीत आले, तर मांय न्हाऊन, उपवास धरून, पदर खोचून पिंप ढवळत होत्या.

"उभी रवान बघतस काय? चाय ठेव."