सांगलीच्या नोंदीत न सापडलेली सून

पत्नी गेल्याला आठ महिने झाले. तिच्याविषयी लिहायला बसलो की मोठे प्रसंग आठवत नाहीत. आठवते ती साताऱ्यातली एक सकाळ. त्या सकाळी ती तिथे नव्हतीसुद्धा. फोनवर होती, तेही चार-पाच मिनिटं.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रामर होतो. एका ट्रस्टची दोन रुग्णालयं होती, एक सांगलीला, एक साताऱ्याला. संगणक दोन्हीकडे होते, पण वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी बसवलेले, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला काही कळत नसे. ते जोडायचं काम माझ्याकडे आलं. साताऱ्याच्या काउंटरवर पेशंटचं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि वय टाकायचं. मोडेमने सांगलीला फोन लावायचा. तिकडच्या संगणकाने जुन्या नोंदी चाळून उत्तर पाठवायचं. पुढे असल्या कामाला वेब सर्व्हिस म्हणू लागले. आम्ही त्याला नुसतं 'विचारणा' म्हणायचो. सहा महिने मी त्यात बुडून गेलो होतो, आणि ते चालू लागल्यावर मला त्याचा थोडा गर्वही झाला होता.

चालू करून आठवडा झाला असेल. काही अडलं तर बघायला मी अजून साताऱ्याच्या काउंटरवरच बसत होतो. उंब्रजची एक सासू सुनेला घेऊन आली. दिवस भरत आलेले, रक्तदाब फार चढलेला. तपासून डॉक्टरबाई थेट काउंटरवर आल्या.

"सिझर करावं लागणार, आजच. पण गेल्या बाळंतपणात तिला एक इंजेक्शन सोसलं नव्हतं म्हणते. अंग सुजलं, श्वास कोंडला. कुठलं इंजेक्शन ते तिला सांगता येत नाही. सांगलीला आपल्याकडेच झाली होती. बघा जरा."

कारकुनाने सुनेचं नाव टाकलं. मोडेम किरकिरला. पडद्यावर उत्तर आलं: नोंद नाही.

"मावशी, दुसऱ्याच दवाखान्यात नेली असेल तुम्ही," कारकून म्हणाला.

"आवं, मी काय येडी हाय व्हय? धा दिस हितल्यागतच बाकड्यावर बसून काढल्यात मी तितं. तुमचंच नाव हुतं भायेर लिवल्यालं."

"मग केसपेपर कुठाय?"

"त्यो उंदरानं खाल्ला. आता उंदराला इचारू काय?"

मी नवऱ्याच्या नावाने शोधलं, गावाच्या नावाने शोधलं. सांगलीच्या रेकॉर्ड रूमला फोन करून रजिस्टर उघडायला लावलं. त्यांनीही कळवलं की या नावाची बाई त्या वर्षी बाळंत झालेली नाही. मी डॉक्टरबाईंना सांगितलं, "नोंद नाही म्हणजे ती तिथे आलेलीच नाही." हे सांगताना माझा आवाज किती ठाम होता ते आठवलं की अजून लाज वाटते.

बाई म्हणाल्या, "दुपारी एकपर्यंत थांबते. त्यापुढे थांबणं धोक्याचं आहे आणि माहिती नसताना औषध देणंही."

साडेअकरा वाजले होते. मी घरी फोन लावला. का लावला, सांगता येत नाही. अडलं की तिला सांगायची सवय होती, एवढंच. ती शाळेत शिकवायची, सुट्टी लागल्यामुळे घरी होती; संगणकाला हात लावत नसे. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, "पहिलं बाळंतपण सांगलीला का?"

"माहेर कुपवाडचं आहे तिचं."

"मग दवाखान्यात भरती कुणी केली? बापाने ना?"

"असेल."

"अहो, मग बापाने आपल्या लेकीचं नाव लिहिलं असेल. तुम्ही शोधताय उंब्रजच्या सुनेला."

मी रिसीव्हर धरून पडद्यावरचं 'नोंद नाही' पुन्हा वाचलं.

"लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव तुम्हीच लिहिलंत ना? मग तुमच्या यंत्रात मी एक आहे की दोन?"

आडनाव बदलतं हे मला ठाऊक होतं, कुणालाही असतं. पण आमच्याकडे कितीतरी मुलींचं पहिलं नावही बदलतं, आणि माझ्या प्रोग्रामने मात्र एका माणसाला एकच नाव धरलं होतं. त्याच्या अकरा वर्षं आधी, लग्नात, एका मुलीचं नाव मी स्वतः बदललं होतं, तरी मला हे सुचलं नव्हतं.

मी धावत वॉर्डात गेलो. सासूला सुनेचं माहेरचं नाव विचारलं, तर ती म्हणाली, "ते आता कोण ध्येनात ठिवतंय? आमी आमचंच म्हणतो." मग नर्सने सुनेलाच विचारलं. तिने पडल्या पडल्या आधी सासूकडे बघून घेतलं. मग तिने नाव सांगितलं, वडिलांचंही.

ते नाव टाकलं. मोडेम पुन्हा किरकिरला. या वेळी एकेक ओळ उमटू लागली: वय, कुपवाड, बाळंतपणाची तारीख आणि शेवटी त्या इंजेक्शनचं नाव, पुढे 'पुन्हा देऊ नये'. डॉक्टरबाईंनी ते दोनदा वाचलं, केसपेपरवर लाल शाईने उतरवलं आणि त्या आत निघून गेल्या. जाता जाता नर्सला म्हणाल्या, "हेच भरून ठेवलं होतं ना ट्रेमध्ये? काढा ते आधी."

ते वाक्य ऐकून मी बाकावर बसलो तो उठलोच नाही.

दीडच्या सुमाराला आतून रडणं ऐकू आलं, बाळाचं. मग बाई बाहेर आल्या. "दोघी ठीक आहेत."

सासू माझ्याकडे बघत होती. "सायेब, बाळंत सून झाली, आन् घाम तुमाला फुटलाय व्हय? पानी प्या की जरा."

मी हसलो, पाणी प्यालो आणि पुन्हा घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"सापडली?"

"सापडली. मुलगी झाली."

पलीकडून तिचा सुटलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. मग ती म्हणाली, "आता जेवून घ्या."