सिंहिणीची पाठ

प्राणिसंग्रहालयात तिला सगळे टेकडीबाई म्हणत. प्राण्यांची आवारं आखणं हे तिचं काम, आणि आखण्याआधी मोकळ्या आवारात गुडघे टेकून रांगायचं, ही तिची जुनी खोड. सिंहाच्या उंचीवरून काय दिसतं, ते उभं राहून कसं कळणार? सासूबाई म्हणायच्या, "नातवंडं चालायला लागली, सून अजून रांगतेच आहे."

असं रांगूनच तिने म्हाताऱ्या सिंहिणीसाठी टेकडी रचली होती. जुन्या पिंजऱ्यात जन्मभर येरझाऱ्या घातलेली ती सिंहीण माथ्यावरच्या गवतात बसायला लागली आणि येरझाऱ्या थांबल्या. फक्त एक झालं. माथ्यावरून शेजारच्या आवारातली हरणं दिसत, हे टेकडीबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. सिंहीण दिवसभर तिकडे डोळे लावून बसे. आवाराच्या काचेपाशी बघायला जमलेल्यांच्या वाट्याला तिची पाठ.

तक्रारी आल्या. संचालकांनी बोलावून घेतलं.

"बाई, टेकडी काढून टाकायची. लोक शेपूट बघायला येत नाहीत."

"मग तिने बसायचं कुठे?"

"काचेसमोर. तिथे गरम दगड बसवू. थंडीत आपोआप येईल."

"आणि उन्हाळ्यात?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचं असतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संचालकांच्या खोलीलाही एक काच होती, आतून जाड पडदा लावलेली. तिने उठून तो पडदा सर्रकन बाजूला सारला. बाहेर बसलेली कारकून मंडळी माना वर करून आत बघू लागली.

"अहो, हे काय?"

"दोन मिनिटं असंच राहू द्या."

संचालक पाणी प्यायले. उगाच कागद सरळ केले. मग स्वतःच उठून त्यांनी पडदा ओढून घेतला. "पुरे झाली चेष्टा. सोमवारी बुलडोझर येईल."

आला. सिंहिणीला मागच्या कोठडीत कोंडून टेकडी सपाट झाली. दुसऱ्या दिवशी कोठडीचं दार उघडलं, तेव्हा सिंहीण टेकडीच्या जागी आली, जमीन हुंगली, थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. मग काचेच्या कडेकडेने चालायला लागली. या टोकापासून त्या टोकाला, वळून परत. गर्दी खूश. एका बापाने मुलीला उचलून दाखवलं, "बघ, कशी ऐटीत चालतेय."

"ऐटीत नाही चालत ती," टेकडीबाई म्हणाली. "तिची बसायची जागा गेलीय, म्हणून चालतेय."

तो माणूस मुलीला घेऊन दोन पावलं लांब सरकला. टेकडीबाई काचेला पाठ लावून, लोकांकडे तोंड करून उभी राहिली आणि येईल त्या घोळक्याला तेच सांगू लागली. काहींनी नाकं मुरडली, काही थांबून ऐकत राहिले. दुपारी पहारेकरी आला, ओशाळलेला.

"बाई, साहेबांनी हलायला सांगितलंय तुम्हाला."

"त्यांना सांगा, टेकडी परत रचा. मी लगेच हलते."